स्वित्झर्लंडमधील मोटारविना प्रवास

स्वित्झर्लंडमधील मोटारविना प्रवास म्हणजे स्वतः मोटार न चालवता, केवळ रेल्वे, बस, जहाज, रज्जुमार्ग आणि पायवाटा यांच्या साहाय्याने स्वित्झर्लंड या मध्य युरोपीय देशात केला जाणारा प्रवास होय. ज्यांना मोटार चालवता येत नाही, ज्यांच्याकडे परवाना नाही, किंवा वय, दृष्टिदोष, आजार वा अपंगत्व यांमुळे ज्यांना वाहन चालवता येत नाही, अशा परदेशी प्रवाशांसाठी हा देश विशेष सोयीचा मानला जातो. देशाचा मोठा भाग आल्प्स पर्वताने व्यापलेला असूनही दुर्गम खोऱ्यांतील लहान गावांपर्यंत ठरावीक वेळी धावणारी सार्वजनिक वाहने पोहोचतात.

एकट्याने प्रवास करणाऱ्यांच्या दृष्टीने या व्यवस्थेचे महत्त्व अधिक आहे. गटात एकाला मोटार चालवता आली तरी सर्वांचे काम भागते आणि टॅक्सीचे भाडे वाटून घेता येते. एकट्या प्रवाशाला यांपैकी कोणतीही सोय नसते. त्यामुळे मुख्य शहरांना जोडणाऱ्या वेगवान गाड्यांइतकेच स्थानकापासून शेवटच्या गावापर्यंत जाणाऱ्या बसला आणि ती बस गाडीच्या वेळेशी जुळण्याला त्याच्या लेखी मोल असते. स्विस वाहतूक व्यवस्थेचे वेगळेपण मुख्यतः या जुळणीत आहे.

इतिहास

आरंभीचा काळ

स्विस भूमीवरील पहिले रेल्वे स्थानक १८४४ मध्ये फ्रान्समधील स्ट्रासबुर्गहून आलेल्या मार्गामुळे बाझेल येथे झाले. संपूर्णपणे देशांतर्गत असलेला पहिला रेल्वेमार्ग १८४७ मध्ये झ्युरिक ते बाडेन असा सुरू झाला. त्या काळी डोंगराळ भागातील प्रवास टपालाच्या घोडागाड्या, खेचरे आणि पायपीट यांवर अवलंबून होता. १८६३ मध्ये थॉमस कुक यांनी इंग्लंडहून स्वित्झर्लंडची पहिली सहल आयोजित केली. त्या सहलीतील प्रवाशांनी आगगाडी, वाफेची जहाजे, घोडागाड्या व खेचरे यांचा आलटून पालटून वापर केला आणि बरेच अंतर पायी कापले.

१८७१ मध्ये ल्युसर्न सरोवराकाठच्या फिट्झनाउ गावातून रिगी पर्वतावर जाणारी युरोपातील पहिली दातेरी पर्वतीय रेल्वे सुरू झाली. निकलाउस रिगेनबाख हे तिचे अभियंता होते. १८८२ मध्ये सुमारे १५ किलोमीटर लांबीचा गोटहार्ड रेल्वे बोगदा खुला झाला आणि आल्प्सच्या उत्तर व दक्षिण बाजू रेल्वेने जोडल्या गेल्या. १८८९ मध्ये पिलाटुस पर्वतावरील रेल्वे सुरू झाली. तिचा कमाल चढ ४८ टक्के असून ती जगातील सर्वांत तीव्र चढाची दातेरी रेल्वे आहे. १८९८ मध्ये झेरमॅटहून गोर्नरग्राटपर्यंत विजेवर चालणारी रेल्वे, तर १९१२ मध्ये युंगफ्राउयोखपर्यंतची रेल्वे पूर्ण झाली. ३,४५४ मीटर उंचीवरील युंगफ्राउयोख हे युरोपातील सर्वांत उंच रेल्वे स्थानक आहे.

बहुतेक पर्वतीय मार्ग खाजगी कंपन्यांनी पर्यटकांसाठीच बांधले होते. सामान्य माणसाच्या हाती मोटार येण्यापूर्वीच ते उभे राहिल्यामुळे डोंगरावर जाण्याचे साधन म्हणजे रेल्वे हे समीकरण या देशात आधीच रूढ झाले होते.

राष्ट्रीयीकरण व मोटारबंदी

१८९८ च्या सार्वमतात प्रमुख रेल्वे कंपन्यांच्या राष्ट्रीयीकरणास मतदारांनी मान्यता दिली आणि १९०२ मध्ये स्विस संघीय रेल्वेचा कारभार सुरू झाला. पहिल्या महायुद्धाच्या काळात कोळशाची टंचाई जाणवल्यावर विद्युतीकरणाला गती मिळाली. देशात कोळसा नव्हता, पण जलविद्युत निर्माण करण्याजोगे पाणी मुबलक होते. आज जवळजवळ संपूर्ण रेल्वेजाळे विजेवर चालते.

याच काळात देशाच्या पूर्वेकडील ग्राउब्युंडन या डोंगराळ राज्याने मोटारींना विरोध केला. १९०० मध्ये तेथे मोटारींवर बंदी घालण्यात आली. पुढे अनेक वेळा मतदान होऊनही ही बंदी टिकली आणि १९२५ मध्येच उठली. या राज्यातील अरुंद रुळांचे रेटियन रेल्वेजाळे मुख्यतः याच सुमारास विस्तारले. त्यातील आल्बुला व बेर्निना हे मार्ग २००८ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाले.

टपाल खात्याने १९०६ मध्ये बर्न ते डेटलिगेन या मार्गावर पहिली मोटारबस सुरू केली. घोडागाड्यांची जागा घेणाऱ्या या पिवळ्या बसगाड्या पुढे पोस्टबस या नावाने देशभर पसरल्या.

नियमित वेळापत्रकाकडे

दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारींची संख्या वाढली आणि महामार्ग बांधले जाऊ लागले, तशी रेल्वे मागे पडू लागली. १९७० च्या दशकात संघीय रेल्वेतील काही तरुण अभियंत्यांनी संपूर्ण देशासाठी ठरावीक अंतराने गाड्या सोडण्याची कल्पना मांडली. २३ मे १९८२ पासून असे वेळापत्रक देशभर लागू झाले. ६ डिसेंबर १९८७ रोजी ‘बान २०००’ या विकास आराखड्यास सार्वमतात मंजुरी मिळाली. त्याचा पहिला टप्पा १२ डिसेंबर २००४ रोजी अमलात आला. त्यानंतर २००७ मध्ये लोचबर्ग पायथा बोगदा व २०१६ मध्ये ५७ किलोमीटर लांबीचा गोटहार्ड पायथा बोगदा खुला झाला. गोटहार्ड पायथा बोगदा हा जगातील सर्वांत लांब रेल्वे बोगदा आहे.

वेळापत्रकाची रचना

स्विस वेळापत्रकाचे मूलतत्त्व असे आहे की, एखाद्या मार्गावरील गाडी दर तासाला किंवा अर्ध्या तासाला त्याच मिनिटाला सुटते. सकाळी ८ वाजून ३२ मिनिटांनी सुटणारी गाडी ९ वाजून ३२ मिनिटांनी आणि १० वाजून ३२ मिनिटांनीही सुटते. प्रवाशाला संपूर्ण वेळापत्रक पाठ करावे लागत नाही. एक मिनिट लक्षात ठेवले की पुरते.

याहून महत्त्वाची बाब म्हणजे गाड्या बदलण्याची सोय. झ्युरिक, बर्न, बाझेल यांसारख्या मोठ्या स्थानकांवर निरनिराळ्या दिशांच्या गाड्या पूर्ण तास किंवा अर्धा तास भरण्याच्या थोडे आधी येतात आणि तो भरल्यावर काही मिनिटांत सुटतात. त्यामुळे एका गाडीतून उतरलेल्या प्रवाशाला इतर बहुतेक दिशांची गाडी अल्पावधीत मिळते. हे साधण्यासाठी दोन मोठ्या स्थानकांमधील प्रवासाचा काळ अर्ध्या तासाच्या पटीपेक्षा थोडा कमी असावा लागतो. झ्युरिक ते बर्न हा प्रवास ५६ मिनिटांचा आहे. तो तासाच्या आत बसावा म्हणून माटश्टेटन ते रोथरिस्ट हा नवा वेगवान मार्ग बांधण्यात आला. प्रवास ५६ ऐवजी ५० मिनिटांत झाला असता तरी प्रवाशाचा वेळ फारसा वाचला नसता, कारण पुढची गाडी ठरलेल्या वेळीच सुटली असती. त्यामुळे गाड्या शक्य तितक्या वेगाने चालवण्यापेक्षा जुळणीला आवश्यक तितक्या वेगाने चालवण्याचे धोरण स्वीकारले गेले.

हीच साखळी पुढे लहान स्थानकांपर्यंत जाते. मुख्य गाडी आल्यावर काही मिनिटांनी स्थानिक गाडी आणि स्थानिक गाडी आल्यावर स्थानकाबाहेर उभी असलेली पोस्टबस सुटते. उदाहरणार्थ, झ्युरिकहून झेरमॅटला जाणारा प्रवासी व्हाले राज्यातील फिस्प येथे एकदाच गाडी बदलतो आणि सुमारे सव्वातीन तासांत पोहोचतो.

वेळ पाळण्याच्या या पद्धतीचे प्रतीक म्हणून स्विस स्थानकांवरील घड्याळ ओळखले जाते. हान्स हिल्फिकर यांनी १९४४ मध्ये त्याची रचना केली आणि नंतर त्यास सेकंदाचा लाल काटा जोडला. गाडीला निघण्याची खूण करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या हातातील तबकडीसारखा या काट्याचा आकार आहे. हा काटा सुमारे साडेअठ्ठावन्न सेकंदांत फेरी पूर्ण करतो, वर क्षणभर थांबतो आणि मिनिटकाटा पुढे सरकल्यावरच पुन्हा निघतो.

वाहतुकीची साधने

रेल्वे

देशातील रेल्वेजाळ्याची लांबी सुमारे ५,२०० किलोमीटर आहे. संघीय रेल्वेबरोबरच बी.एल.एस., रेटियन रेल्वे, माटरहॉर्न गोटहार्ड रेल्वे इत्यादी कंपन्या गाड्या चालवतात. देशांतर्गत नेहमीच्या गाड्यांत जागा आरक्षित करणे आवश्यक नसते. ग्लेशियर एक्सप्रेस आणि बेर्निना एक्सप्रेस या प्रसिद्ध निसर्गदर्शन गाड्यांसाठी मात्र वेगळे शुल्क भरून आरक्षण करावे लागते. झेरमॅट ते सेंट मॉरिट्झ हा ग्लेशियर एक्सप्रेसचा प्रवास सुमारे आठ तासांचा असून मार्गात २९१ पूल व ९१ बोगदे आहेत. याच रुळांवरून साध्या स्थानिक गाड्याही धावतात. त्यांना आरक्षण लागत नाही, खिडकीबाहेरचे दृश्य तेच असते आणि मधल्या कोणत्याही गावात उतरता येते.

पोस्टबस

जेथे रेल्वे संपते तेथून पिवळ्या पोस्टबसचे जाळे सुरू होते. घाटातील आंधळ्या वळणांवर या बस तीन सुरांचा भोंगा वाजवतात. हे सूर रोसिनी यांच्या ‘विल्यम टेल’ या संगीतिकेच्या प्रारंभसंगीतातून घेतले आहेत. डोंगराळ टपाल मार्गांवर निळ्या फलकावर पिवळ्या शिंगाचे चिन्ह असते. अशा रस्त्यांवर अवघड ठिकाणी समोरून येणाऱ्या वाहनांना पोस्टबसच्या चालकाच्या सूचना पाळाव्या लागतात. हे घाट मोटारीने ओलांडणे सवयीच्या चालकांनाही कठीण जाते. पोस्टबसमधील प्रवाशाला ती चिंता नसते.

वर्षभर किमान १०० रहिवासी असलेल्या वस्तीला जोडणारी नियमित सेवा संघीय अर्थसाहाय्यास पात्र ठरते. संघराज्य आणि राज्ये मिळून अशा सेवांची मागणी नोंदवतात व त्यांची तूट भरून काढतात. त्यामुळे अल्प प्रवासी असलेल्या खोऱ्यांतही बस टिकून आहे. या सेवा मुळात तेथील विद्यार्थी, वृद्ध व नोकरदार यांच्यासाठी आहेत. पर्यटकाला त्यांचा लाभ आपोआप मिळतो.

दातेरी रेल्वे, फ्युनिक्युलर व रज्जुमार्ग

तीव्र चढाच्या मार्गांवर दातेरी रेल्वे, दोरखंडाने ओढली जाणारी फ्युनिक्युलर आणि हवेतून जाणारे रज्जुमार्ग वापरले जातात. २०१७ मध्ये सुरू झालेली श्टोस येथील फ्युनिक्युलर ११० टक्के चढ चढते. तिचे डबे नळकांड्याच्या आकाराचे असून चढ कसाही असला तरी आतील तळ सपाट राहतो. झेरमॅटजवळील क्लाइन माटरहॉर्न येथील ३,८८३ मीटर उंचीवरील रज्जुमार्ग स्थानक युरोपात सर्वांत उंचावर आहे. अनेक रज्जुमार्ग केवळ पर्यटनासाठी नसून वर राहणाऱ्या लोकांचे ते रोजचे वाहन आहे.

जहाजे

जिनिव्हा, ल्युसर्न, थून, ब्रिएन्झ इत्यादी सरोवरांत ठरावीक वेळापत्रकानुसार प्रवासी जहाजे धावतात. ल्युसर्न सरोवरात वाफेवर चालणारी पाच चाकी जहाजे अद्याप सेवेत असून त्यांपैकी ‘उरी’ हे १९०१ मधील आहे. फिट्झनाउ येथे जहाजातून उतरलेल्या प्रवाशाला धक्क्याजवळच रिगीची रेल्वे मिळते.

पायवाटा

देशात सुमारे ६५,००० किलोमीटर लांबीच्या चिन्हांकित पायवाटा आहेत. १९७९ च्या सार्वमतानंतर पायवाटांची तरतूद राज्यघटनेत समाविष्ट झाली. पिवळ्या फलकांवर पुढील ठिकाणांची नावे आणि तेथे पोहोचण्यास लागणारा वेळ दिलेला असतो. हा वेळ न थांबता चालण्याचा असतो. पिवळी खूण साध्या वाटेची, पांढरी-लाल-पांढरी खूण डोंगरवाटेची आणि पांढरी-निळी-पांढरी खूण अनुभवी गिर्यारोहकांसाठी असलेल्या अवघड वाटेची असते. वाटा बहुधा बसथांब्यापाशी किंवा स्थानकापाशी सुरू होतात व संपतात. मोटारीने आलेल्या पदयात्रीला वाहन ठेवलेल्या जागी परतावे लागते. सार्वजनिक वाहनाने आलेला प्रवासी एका खोऱ्यात चालू लागून दुसऱ्या खोऱ्यात उतरू शकतो.

मोटारमुक्त गावे

स्वित्झर्लंडमधील काही पर्यटनस्थळी खाजगी मोटारींना प्रवेशच नाही. झेरमॅट हे त्यांतील सर्वाधिक प्रसिद्ध गाव आहे. मोटारीने येणाऱ्यांना सुमारे पाच किलोमीटर अलीकडे टेश येथे वाहन ठेवून रेल्वेने पुढे जावे लागते. गावात लहान विद्युत वाहने चालतात. युंगफ्राउ परिसरातील वेंगन व म्युरेन, व्हाले राज्यातील सास-फे, बेटमरआल्प व रीडरआल्प, तसेच ग्लारुस राज्यातील ब्राउनवाल्ड ही अशी इतर गावे आहेत. या ठिकाणी मोटार असलेला आणि नसलेला प्रवासी एकाच गाडीने येतात.

तिकिटे व पास

देशातील सुमारे २५० वाहतूक संस्थांनी परस्परांच्या तिकिटांना मान्यता दिली आहे. त्यामुळे रेल्वे, बस व जहाज मिळून होणाऱ्या प्रवासासाठी एकच तिकीट काढता येते. परदेशी प्रवाशांमध्ये पुढील प्रकार प्रचलित आहेत.

स्विस ट्रॅव्हल पास : स्वित्झर्लंडबाहेर राहणाऱ्यांसाठी ३, ४, ६, ८ किंवा १५ दिवसांचा पास. त्यात बहुतेक रेल्वे, बस, जहाजे आणि शहरांतील वाहतूक समाविष्ट असते. ५०० हून अधिक संग्रहालयांतील प्रवेशही मिळतो. एका महिन्यात सोयीचे दिवस निवडण्याची मुभा देणारा फ्लेक्स पासही असतो.

अर्ध्या भाड्याचे कार्ड : ठरावीक मुदतीसाठी बहुतेक तिकिटे निम्म्या दरात मिळतात. एकाच गावात मुक्काम करून मोजके प्रवास करणाऱ्यांना ते पासापेक्षा स्वस्त पडू शकते.

बचत तिकिटे : आगाऊ घेतल्यास स्वस्त मिळतात, मात्र ती ठरावीक गाडीपुरतीच वैध असतात. ती गाडी स्वतःच्या उशिरामुळे चुकल्यास तिकीट वाया जाते.

पर्वतीय मार्गांवरील सवलत सरसकट नसते. स्विस ट्रॅव्हल पासवर रिगीचा प्रवास समाविष्ट आहे, तर गोर्नरग्राटसाठी निम्मे भाडे भरावे लागते. युंगफ्राउयोखच्या शेवटच्या टप्प्यावर सवलत आणखी कमी आहे.

स्थानकांवर अडवणारी फाटके नसतात. तिकीट गाडीत चढण्यापूर्वी घ्यावे लागते आणि गाडीतील तपासणीत ते नसल्यास दंड आकारला जातो. तिकीट मोबाइल फोनमध्ये असल्यास तपासणीच्या वेळी फोन चालू असण्याची जबाबदारी प्रवाशाची असते.

एकट्या प्रवाशाच्या दृष्टीने

व्यवस्था सुरळीत असली तरी तिचे काही संकेत नवख्या प्रवाशाला ठाऊक नसतात आणि सोबत कोणी नसल्यास चूक वेळीच लक्षात येत नाही. त्यांतील प्रमुख पुढीलप्रमाणे आहेत.

विभागणाऱ्या गाड्या : काही गाड्या वाटेत दोन भागांत विभागल्या जातात. इंटरलाकेन ओस्ट येथून सुटणारी गाडी त्स्वाइल्युचिनेन येथे विभागते. तिचा एक भाग ग्रिंडेलवाल्डला व दुसरा लाउटरब्रुनेनला जातो. योग्य गाडीत पण चुकीच्या डब्यात बसलेला प्रवासी दुसऱ्याच खोऱ्यात पोहोचतो. डब्यावरील फलक पाहणे त्यामुळे आवश्यक ठरते.

फलाटाचे विभाग : लांब फलाट ए, बी, सी, डी अशा विभागांत वाटलेले असतात. कोणत्या विभागात कोणत्या वर्गाचे डबे थांबतील हे सूचनाफलकावर दाखवले जाते.

विनंती थांबे : अनेक लहान स्थानकांवर व बसथांब्यांवर प्रवाशाने बटण दाबल्यासच वाहन थांबते. फलाटावर उभ्या असलेल्या प्रवाशालाही काही ठिकाणी बटण दाबून गाडीला खूण करावी लागते.

नावांतील साम्य : इंटरलाकेन येथे पूर्वेकडील ओस्ट आणि पश्चिमेकडील वेस्ट अशी दोन स्थानके आहेत, युंगफ्राउ परिसराच्या गाड्या ओस्टहून सुटतात. ग्राउब्युंडनमधील सेंट मॉरिट्झ आणि व्हालेमधील सेंट मोरिस ही गावे देशाच्या दोन टोकांना आहेत.

भाषा : देशात जर्मन, फ्रेंच, इटालियन व रोमान्श या चार राष्ट्रभाषा आहेत. स्थानकावरील पाटी स्थानिक भाषेत असते. त्यामुळे जिनिव्हाच्या पाटीवर फ्रेंच नाव ‘झनेव्ह’ असते. प्रवासात भाषेची सीमा ओलांडली की डब्यातील घोषणेची भाषाही बदलते. दूर पल्ल्याच्या गाड्यांत बहुधा इंग्लिशमध्येही घोषणा होतात.

शेवटचे वाहन : मोठ्या शहरांमध्ये रात्री उशिरापर्यंत गाड्या असतात, परंतु दुर्गम खोऱ्यांतील शेवटची बस संध्याकाळीच सुटते. रज्जुमार्ग त्याहूनही आधी, अनेक ठिकाणी दुपारनंतर लवकरच बंद होतात. शेवटचा पाळणा चुकल्यास डोंगर पायी उतरावा लागतो किंवा वरच मुक्काम करावा लागतो. डिसेंबरमध्ये सूर्यास्त पावणेपाचच्या सुमारास होत असल्याने हा धोका वाढतो. म्हणून जाण्यापूर्वी परतीच्या शेवटच्या वाहनाची वेळ पाहून ठेवणे हा अशा प्रवासाचा पहिला नियम मानला जातो.

आपत्कालीन मदत : पोलिसांसाठी ११७, अग्निशमनासाठी ११८, रुग्णवाहिकेसाठी १४४ आणि हवाई बचाव पथकासाठी १४१४ हे क्रमांक आहेत. युरोपीय आपत्कालीन क्रमांक ११२ हाही चालतो. डोंगरातील बचावकार्याचा खर्च विमा नसल्यास प्रवाशावर येऊ शकतो.

अपंग व ज्येष्ठ प्रवासी

ज्यांना मोटार चालवणे शक्य नाही अशांपैकी अनेकांना पायऱ्या चढणेही शक्य नसते. १ जानेवारी २००४ पासून लागू झालेल्या अपंग समानता कायद्याने सार्वजनिक वाहतूक सर्वांना वापरता येईल अशी करण्यासाठी २० वर्षांची मुदत दिली होती. २०२३ अखेर ही मुदत संपली, तेव्हा अनेक स्थानके व बसथांबे यांचे काम अपूर्ण होते. जेथे फलाट व डबा यांची पातळी जुळते तेथे चाकांच्या खुर्चीसह विनासाहाय्य चढता येते. इतर काही स्थानकांवर आगाऊ कळवल्यास कर्मचारी मदत करतात. थोडक्या मिनिटांत गाडी बदलण्याची जी सोय इतरांना लाभदायक ठरते, तीच हळू चालणाऱ्यांना अडचणीची होऊ शकते. अशा प्रवाशांना एक गाडी सोडून पुढची पकडता येते. नियमित वेळापत्रकामुळे ती बहुधा अर्ध्या किंवा एका तासात मिळते.

मर्यादा

मोटारविना प्रवासाचा सर्वांत मोठा अडसर खर्च हा आहे. स्वित्झर्लंड जगातील महागड्या देशांपैकी एक असून सवलतीविना तिकिटांचे दरही जास्त आहेत. निवासात एकट्या प्रवाशाला खोलीचे भाडे वाटून घेता येत नाही.

उंच घाटांवरील बससेवा केवळ उन्हाळ्यात, रस्ते बर्फमुक्त असताना चालते. काही मार्गांवर जागा आधी राखून ठेवावी लागते. वसंत व शरद ऋतूंत अनेक रज्जुमार्ग देखभालीसाठी बंद असतात. विरळ वस्तीच्या काही भागांत फोन करून बोलवावी लागणारी बस असते. तेथे आधी नोंदणी न केल्यास वाहन मिळत नाही.

नैसर्गिक आपत्तीपुढे ही व्यवस्थाही हतबल होते. जानेवारी २०१८ मध्ये प्रचंड बर्फवृष्टी व हिमस्खलनाच्या धोक्यामुळे झेरमॅटचा रस्ता व रेल्वे दोन्ही बंद झाले आणि सुमारे १३,००० पर्यटक गावात अडकले. जून २०२४ मधील पुरानेही झेरमॅटचा रेल्वेमार्ग खंडित झाला होता.

सार्वजनिक वाहतूक उत्तम असली तरी स्वित्झर्लंड हा मोटारमुक्त देश नाही. बहुतेक स्विस कुटुंबांकडे मोटार आहे. साधारण पाचपैकी एका कुटुंबाकडे ती नाही. बर्न, बाझेल व झ्युरिक या शहरांत मात्र निम्म्याहून अधिक कुटुंबे मोटारीविना राहतात. परदेशी पर्यटक वापरतो ती व्यवस्था अशा प्रकारे स्थानिकांच्या दैनंदिन वापरावर उभी आहे.

भारत व महाराष्ट्राशी संबंध

भारतीय नागरिकांना स्वित्झर्लंडमध्ये जाण्यासाठी शेंगेन व्हिसा लागतो. हा देश डिसेंबर २००८ पासून शेंगेन क्षेत्रात आहे. या व्हिसावर १८० दिवसांच्या कालावधीत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येते. अर्जासोबत किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा आवश्यक असतो.

हिंदी चित्रपटांमुळे हा देश भारतीय प्रेक्षकांना परिचित झाला. १९९५ च्या ‘दिलवाले दुल्हनिया ले जायेंगे’ या चित्रपटाच्या पूर्वार्धात नायक-नायिका युरोपात रेल्वेने फिरतात आणि गाडी चुकल्याने मागे राहतात. याच चित्रपटातील शेवटचा रेल्वे स्थानकावरील प्रसंग रायगड जिल्ह्यातील आपटा स्थानकावर चित्रित झाला आहे.

स्विस पर्वतीय रेल्वेतील तंत्रज्ञानाचा भारतातही उपयोग झाला. निलगिरी पर्वतीय रेल्वेवर स्विस अभियंता रोमान आप्ट यांची दातेरी पद्धत वापरलेली आहे. मुंबई-पुणे मार्गावरील बोरघाटात १९२८ नंतर आलेल्या व ‘खेकडा’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या विद्युत इंजिनांपैकी पहिली काही इंजिने स्वित्झर्लंडमधील विंटरटूर येथे बांधलेली होती. गोटहार्ड मार्गावरील ‘मगर’ या टोपणनावाच्या इंजिनांशी त्यांचे साम्य होते.

मोटारमुक्त डोंगरी गावाची कल्पना महाराष्ट्रालाही नवी नाही. माथेरान येथे खाजगी मोटारींना बंदी असून वाहने दस्तुरी नाक्यापाशी थांबवावी लागतात. १९०७ मध्ये सुरू झालेली नेरळ-माथेरान छोटी रेल्वे तेथे पोहोचण्याचे पर्यायी साधन आहे.

हे सुद्धा पहा

स्वित्झर्लंड
स्विस संघीय रेल्वे
युंगफ्राउ रेल्वे
रेटियन रेल्वे
गोटहार्ड पायथा बोगदा
नेरळ-माथेरान रेल्वे